चादरीची मागची बाजू

सोलापुरातल्या एका संग्रहालयाने माझ्या वडिलांना, अप्पांना, फसवलं. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणजे मेलेल्या माणसाला फसवलं, आणि तेही माझ्या हातून. मी चादरींचा व्यापारी. फुटपाथवर टॉवेल अंथरून सुरुवात केली, आज सात रस्ता चौकाजवळ माझं स्वतःचं दुकान आहे. इतक्या वर्षांत एखाद्या दलालाने, कारखानदाराने किंवा गिऱ्हाइकाने मला फसवलं असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं, मी शटर ओढून घरी बसतो. फसलो ते अशा सौद्यात, ज्यात मी काही विकलंच नव्हतं. नुसतं दिलं होतं.

दिली ती एक चादर. मोराच्या नक्षीची, तांबडी आणि पांढरी. ज्यांच्या घरात सोलापुरी चादर आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: ही चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला पांढऱ्यावर तांबडा मोर असेल, तर उलटल्यावर तांबड्यावर पांढरा मोर दिसतो. दोन कापडं एकातएक विणलेली असतात. मोराच्या पोटाशी दोन बोटांनी चिमटीत धरून ओढलं की वरचं कापड खालच्यापासून सुटं होतं आणि मधे पोकळी लागते.

लहानपणी मला वाटायचं, हे दोन वेगळे मोर आहेत. एक तांबडा, एक पांढरा, आणि दोघांच्या मधे ती पोकळी. ते एकमेकांचा आवाज ऐकत असणार, पण तोंड कधी बघत नसणार. थंडीत आई, आमची अव्वा, चादर माझ्या डोक्यावरून ओढायची आणि म्हणायची, "मलको." आम्ही मंद्रूपकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. झोपायची गोष्ट नेहमी कानडीतच निघायची. चादरीच्या आत उजेड तांबूस होऊन यायचा. मी पोकळीत बोट घालून मोराच्या पोटात चाचपत राहायचो, आणि बाहेर आळीतले माग चाललेले असायचे. खटक-खट, खटक-खट. त्या आवाजात आम्ही जन्मलो, त्यामुळे तो ऐकू यायचा नाही. तो थांबला की मात्र जाग यायची.

अप्पांनी ती चादर कधी अंगावर घेतली नाही. त्यांनीच विणलेली. ते गोधडी घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि एका तोंडून कळलं नाही. सगळ्यांचं ज्यावर एकमत आहे तेवढं आधी सांगतो. आमच्या आळीच्या मागे चादरींचा कारखाना होता, अप्पा तिथे मागावर होते. एका माणसाने जास्त माग सांभाळावेत असं मालकांनी ठरवलं. कामगार नाही म्हणाले. उद्यापासून एकही माग चालणार नाही, असं संध्याकाळी फाटकावर ठरलं. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. सकाळी सगळे कामगार फाटकाबाहेर बसले, आणि अप्पा सुताच्या कोठाराच्या मागच्या दाराने आत गेले. दुपारी बाहेर आले तेव्हा त्यांच्या काखेत ही चादर होती. कारखाना त्यानंतर कधीच उघडला नाही.

इथे एकमत संपतं.

कामगारांच्या पुढाऱ्याने सांगितलं, हा फितूर झाला, आत जाऊन काम केलं आणि बक्षीस म्हणून चादर घेऊन आला. मालकांच्या घरात सांगितलं गेलं, असा एकच इमानी माणूस निघाला, म्हणून मालकांनी स्वतःच्या हाताने त्याला चादर दिली. आणि अव्वा सांगायची ते तिसरंच. अमावस्येला मागावर अर्धी चादर ठेवायची नाही, अशी आमच्या आळीतल्या विणकरांची रीत होती. आदल्या दिवशीच ती उतरवून माग पुसायचा, उदबत्ती लावायची. अर्धं कापड अमावस्या ओलांडून गेलं तर तो माग पुन्हा हाताला लागत नाही, असं मानायचे. संपाच्या गडबडीत सगळे माग आहे तसे थांबले. अप्पांना ते बघवलं नाही. अव्वाला ते एकदाच म्हणाले, "वीतभरच राहिली होती गं."

त्या वीतभर कापडाने आमचं घर आळीत वाळीत पडलं. नळावर आमची घागर मागे सरकवली जायची. लग्नाची पत्रिका आमचं दार सोडून पुढच्या दाराला जायची. दुसऱ्या कारखान्यात अप्पांच्या शेजारच्या मागावर उभं राहायला कोणी तयार होईना. शेवटी ते बाजारात गठ्ठे उचलायला लागले. विणणारा माणूस, दुसऱ्यांनी विणलेलं पाठीवर वाहून नेत होता. मला राग येतो असं लोक म्हणतात. येतो. तो या नळावरचा आहे.

संग्रहालयाची बाई माझ्या दुकानात आली ती अशाच एका दुपारी, जेव्हा सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. बाई कसली, मुलगीच. होटगीच्या रेल्वेतल्या माणसाची लेक, पुण्याला इतिहास शिकून परत आलेली. मी चादरींच्या चळतीवर पाठ टेकून अर्धवट झोपेत होतो. त्या वेळेला मला नेहमी एकच स्वप्न पडतं, तेव्हाही पडत असणार: रिकामा कारखाना, पत्र्याच्या भोकांतून खाली आलेले उजेडाचे गोल, आणि कुठेतरी आत अप्पा. दिसत नाहीत, पण आहेत. मी हाक मारत नाही, कारण हाक मारली तर ते थांबतील.

"काका, एखादी जुनी चादर आहे का?" ती म्हणाली.

"जुनी कशाला? नवी दाखवतो की. बसा."

"विकत नको. मागायला आले आहे."

मागायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघत होतो. तिने सांगितलं, जुन्या कारखान्याच्या गोदामात संग्रहालय होतंय. माग, धोटे, फोटो तर मिळालेत, पण लोकांच्या घरातल्या वस्तू हव्यात, आणि त्यांच्या गोष्टी. कोणता कारखाना विचारलं तर तिने आमच्या आळीमागच्या कारखान्याचंच सांगितलं. माझी झोप उडाली.

"कुणाची गोष्ट लावणार तिथं?" मी विचारलं.

"सगळ्यांची."

"सगळ्यांची एक नाही."

"म्हणूनच लावायची," ती म्हणाली. पोरगी पक्की होती. मी पट्टीचा घासाघीस करणारा, पण तिने पहिलंच बोलणं असं केलं की मला पुढचा आकडा सुचेना. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तिला वाटलं मी टाळतोय. खरं म्हणजे घरी जाऊन मी ट्रंक उघडून ती चादर बाहेर काढली आणि तिच्याकडे बघत बसलो. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांच्या वासातसुद्धा तिला अजून अव्वाच्या चुलीचा धूर होता, किंवा मला तसं वाटलं.

तिने आम्हा तिघांना एकाच दिवशी बोलावलं. मला, पुढाऱ्याला, आणि मालकांच्या सुनेला. पुढाऱ्याला सगळी आळी अजून कॉम्रेडच म्हणते. घरात तेलुगू, भाषणं मराठीत, आणि आता हातात काठी. मालक गेले, त्यांचा मुलगा बाहेरगावी, सोलापुरात राहिली ती ही सून. पांढरे केस, नीट इस्त्रीची साडी. तिला सगळे बाई म्हणतात.

गोदामात मी पहिल्यांदाच गेलो. आणि दारातच थबकलो. पत्र्याला भोकं होती. उजेडाचे गोल जमिनीवर पडले होते. मला क्षणभर कळेना की मी दुकानात चळतीवर पडलोय की इथे उभा आहे. धूळ त्या उजेडातून इतकी सावकाश खाली येत होती की जणू तिला कुठे पोचायचंच नाही.

"काय शेट," कॉम्रेडने जाग आणली, "बापाची चादर आनली म्हनं."

"आणली. नुसती तोंडाची वाफ घेऊन नाही आलो."

"आरं वाफेवरच तर कारखाने चालायचे पयले."

बाई हसल्या. मला नाही हसू आलं. मुलीने मधे मोठं टेबल ठेवलं होतं, त्यावर चादर पसरली. ती पसरताना तिने हात आधी पुसून घेतले, हे मी बघितलं. रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र टेबलाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाली, "एकेकाने बोला, म्हणजे आवाज नीट येईल."

बाई म्हणाल्या, "आमचे मामंजी शेवटपर्यंत सांगायचे, सगळे बाहेर बसले आणि एकच माणूस कामावर आला. त्यांनी स्वतः त्याला चादर दिली."

"तुमच्या मामंजींनी लई गोष्टी सांगितल्या, बाई," कॉम्रेड म्हणाला. "त्यातली एक जरी खरी निघाली असती तर कारखाना चालू असता की."

"तुम्ही बंद पाडलात."

"आमी? कुलूप कुणी लावलं?"

"आधी संप कुणी केला?"

"थांबा थांबा," मुलगी म्हणाली, "एकेक."

"भांडान रेकॉर्ड हुतंय न्हवं? मग बास," कॉम्रेड म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आन तू बोल की. तुजा बाप देव हुता, एवढंच सांगायचं हाय ना तुला?"

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. यंत्रात असेल. काठी टेबलावर आपटली गेली, बाई दोन पावलं मागे सरकल्या, आणि मग माझे हात रोज दुकानात जे करतात तेच त्यांनी केलं. बोलणं फिसकटलं की मी चादर उलटतो. गिऱ्हाईक नाही म्हणालं की दुसरी बाजू दाखवतो. तसं मी टोक धरून ती चादर फाडकन उलटी केली. पांढरा मोर वर आला.

मुलगी वाकली आणि चादरीच्या खालच्या काठाजवळ हात फिरवत म्हणाली, "काका, इथे काय आहे? हाताला लागतंय."

मी हात लावला. मी ट्रंकेतून काढताना, घडी घालताना कितीदा ती हाताळली असेल, पण त्या जागी माझी बोटं थांबली नव्हती. गाठी होत्या. शेवटच्या वीतभर कापडात, आडव्या सुताला, जागोजागी गाठी. विणकर सूत तुटलं की जोडतो आणि गाठ खालच्या बाजूला सारतो, मागावर असताना जी बाजू त्याच्या डोळ्यांसमोर नसते त्या बाजूला. एखादी गाठ प्रत्येक चादरीत सापडते. पण इथे ओंजळभर. आणि ठोकाही विरळ. कापड त्या वीतभरात जाळीसारखं सैल झालेलं.

"दुय्यम माल," मी म्हटलं. धंद्याची सवय. मग माझं मलाच ऐकू आलं. अप्पांच्या हातून दुय्यम माल निघत नसे.

"असं कधी होतं?" मुलीने विचारलं.

"माग हाताने फिरवला तर. चाक हाताने ढकलायचं, आडव्या सुताचा धोटा हाताने या बाजूचा त्या बाजूला सारायचा. ताण सारखा राहत नाही, सूत तुटतं."

"पण हाताने का फिरवतील?"

मला माहीत नव्हतं. बाईंना माहीत नव्हतं. कॉम्रेड खुर्चीवर बसला होता, काठी दोन गुडघ्यांमधे, आणि त्याचा चेहरा मी लहानपणापासून बघतोय तो नव्हता.

"वीज नव्हती," तो म्हणाला. "फ्यूज म्या काढले हुते. आदल्या सांजच्याला. मेन स्विचचे सगळे फ्यूज माझ्या खिशात हुते."

"मग माग चालला कसा, हे इतक्या वर्षांत तुम्ही कधी विचारलं नाही?" मी ओरडलो.

"कशाला इचारू? भाईर आला तवा काखेत चादर हुती. दिसलं ते दिसलं."

त्याने उठून चादरीवर हात ठेवला. गाठींवरून अंगठा फिरवला, एकेका गाठीपाशी थांबत, माळ ओढावी तसा. मला तेव्हा आवाज ऐकू आला. खरंच आला असं मी म्हणणार नाही. रिकाम्या कारखान्यात एकच माग, विजेचा खटक-खट नव्हे, तर एक लांब कुरकुर, मग शांतता, मग धोटा लाकडावरून सरकल्याचा घासट आवाज, मग शांतता. बाहेर घोषणा. आत हा माणूस, वीतभर कापडासाठी. माझ्या स्वप्नात अप्पा कुठे असायचे ते मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी त्यांना विजेच्या आवाजात शोधत होतो.

वाटलं, संपलं. आता हे दोघे म्हणतील, आम्ही चुकलो.

"बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरले होते, "वीज नसतानासुद्धा! याला निष्ठा नाही तर काय म्हणायचं?"

"विजेवर फिरवला काय आन हातानं फिरवला काय," कॉम्रेड म्हणाला, "आत गेला त्यो गेलाच. आमी भाईर उनात बसलो हुतो."

गाठी त्याच. एकीला निष्ठा दिसली, एकाला फितुरी थोडी फिकी झालेली दिसली, मला माझे अप्पा दिसले. माझा संताप मस्तकात गेला होता, पण मुलगी शांत होती. ती म्हणाली, "हेच लावायचं आहे मला. मी निकाल देणार नाही. तिघांचं, तिघांच्या आवाजात. आणि गाठी, लोकांना बघू देत."

"निकाल द्यायचा नाही तर दुकान कशाला उघडलं?" मी म्हटलं.

"काका, तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला तुम्ही सांगता का, ही बाजू घे म्हणून?"

सांगत नाही. चादर हातात देतो. त्याला उलटू देतो. मग मी माझा सौदा मांडला. चादर देतो, पण भिंतीला लावायची नाही. हॉलच्या मधोमध टांगायची, माणसाला भोवती फिरता आलं पाहिजे. या बाजूला बाई आणि कॉम्रेड, त्या बाजूला अव्वाचं म्हणणं. गाठी डोळ्यांच्या उंचीवर. "कबूल," ती म्हणाली. कॉम्रेड म्हणाला, "फ्यूजचं बी लावा. माझ्या तोंडानं लावा. म्या त्याला फितूर म्हनलो हे बी लावा, फ्यूज माझ्या खिशात हुते हे बी लावा." बाईंनी मान हलवली. जन्मभर एकमेकांच्या विरुद्ध बोललेली तीन तोंडं एका गोष्टीला हो म्हणाली. टांगायला दांडा नव्हता, तर मी माझ्या दुकानातला पितळी दांडा पाठवून दिला. चांगला जाड, वर्षानुवर्षं चादरी पेलून गुळगुळीत झालेला.

उद्घाटनाला मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. हॉल आता ओळखू येत नव्हता. पत्र्याची भोकं बुजवली होती, छताला पांढरा रंग, दिवे असे की कुठेच सावली पडू नये. मधोमध काही नव्हतं. चादर समोरच्या भिंतीवर होती, काचेत, चारी बाजूंनी लाकडी चौकटीत ठोकलेली. तांबडा मोर पुढे. खाली पाटी: "मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर. स्थानिक कामगाराने विणलेली." आणि त्याखाली बारीक अक्षरांत: "कारखान्याच्या अखेरच्या दिवसांविषयी वेगवेगळी मते आहेत."

वेगवेगळी मते आहेत. कोणाची? कशाविषयी? या वाक्यात कॉम्रेडची काठी नाही, बाईंचे मामंजी नाहीत, अव्वा नाही, फ्यूज नाहीत. इतकं गुळगुळीत वाक्य मी एकदाच ऐकलं होतं, एका दलालाच्या तोंडून, जेव्हा त्याला माल भिजलाय हे सांगायचं नव्हतं.

मी तिथेच उभा राहिलो. लोक येत होते. सोलापूरचे लोक. आणि प्रत्येकजण तेच करत होता: चादरीपाशी आला की हात पुढे करायचा, टोक धरून उलटायला. बोटं काचेला लागायची. एका बाईने तर काचेच्या कडेने डोकावून बघितलं आणि विचारलं, "मागनं कशी हाय वो?" पहारेकरी म्हणाला, "हात लावू नका." आपल्या गावात चादर उलटून बघायची नाही, असं आजवर कोणी कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

कॉम्रेड काठी टेकत आला. चष्मा वर करून पाटी वाचली. दोनदा वाचली.

"माझं म्हननं कुटं हाय?"

"नाही."

"तुजं?"

"नाही."

"बाईंचं तरी?"

"त्यांचंही नाही."

"मंग आपुन तिघं भांडलो कशाला त्या दिशी?" तो काचेच्या आणखी जवळ सरकला. काचेत आम्ही दोघे दिसत होतो, मोराच्या अंगावर, दोन म्हातारे. "मला खोटं ठरवायचं तर ठरवा की. पर आमचं भांडान तरी ठेवायचं हुतं."

ज्या माणसाने माझ्या बापाला जन्मभर फितूर म्हटलं, त्याचा खांदा मी त्या वेळी धरला. का ते विचारू नका. कुणाचा तरी धरायचा होता.

मुलगी मागच्या खोलीत सापडली. ती माझी नजर टाळत नव्हती, हे तिचं मी मानतो. म्हणाली, "काका, माझं चाललं नाही. विश्वस्त म्हणाले, वाद नको. शाळेची मुलं येतात, त्यांचा गोंधळ होईल. तिन्ही रेकॉर्डिंग मी जपून ठेवलीत. कपाटात आहेत."

"जपलेली तर चादर माझ्या ट्रंकेतही होती," मी म्हटलं, "मग तुला दिली कशाला?"

तिच्यावर ओरडलो नाही. ती पगारावर आहे. मी थेट अध्यक्षांच्या खोलीत गेलो. गोड बोलणारे गृहस्थ. बसा म्हणाले, चहा सांगितला. खिडकीला पडदा होता आणि पडदा माझ्या पितळी दांड्यावर लटकत होता. मी दांड्याकडे बघतोय हे त्यांना कळलं नाही.

"आम्ही कुणाचीच बाजू घेतलेली नाही," ते म्हणाले.

"घेतलीत की. चादरीची एक बाजू दाखवलीत, एक भिंतीकडे केलीत."

"हे बघा, कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, एवढाच उद्देश."

"कुणाच्या? आम्ही तिघेही दुखावून घ्यायला तयार होतो. तोंडी कबूल केलंय, यंत्रात आहे."

"तुम्ही फार भावनिक होताय. समिती विचार करेल."

मी चहा न घेता उठलो. माझा आवाज हॉलपर्यंत गेला, असं नंतर पहारेकऱ्याने सांगितलं. गेला असेल.

आता दुपारी चळतीवर डोळा लागतो तेव्हा ते स्वप्न पडतं, पण बदललेलं. पत्र्याची भोकं बुजलेली. अप्पा चाक ढकलतात, धोटा सरकतो, सूत तुटतं, ते वाकून गाठ मारतात आणि गाठ खाली सारतात. मी या बाजूने बघतोय आणि मला फक्त मोर दिसतो, नीट, स्वच्छ, सुंदर. मधे काच आहे. काचेच्या मागे भिंत आहे. अप्पा त्या दोहोंच्या मधे, पोकळीत, भिंतीकडे तोंड करून. जसे झोपायचे तसे.

अप्पा देव होते असं मला पाटीवर नको आहे. ते चुकले असं कुणाला वाटलं तर वाटू दे. कॉम्रेडला अजून वाटतं, आणि तो रोज संध्याकाळी माझ्या दुकानात चहाला येऊन तसं सांगतो, आणि मी त्याला रोज हाकलतो, आणि तो दुसऱ्या दिवशी परत येतो. त्याचा खोकला वाढलाय. कालच म्हणाला, "फ्यूजचं म्या मेल्यावर कोन सांगनार रं? तुज्या तोंडानं कुनी ऐकनार न्हाय. बापाचा पोरगा बोलतोय म्हनतील." बरोबर बोलला. ज्याने फितूर म्हटलं त्याच्याच तोंडून ते शोभतं, आणि ते तोंड कपाटात कुलूपबंद आहे.

म्हणून मी हे लिहितो आणि अध्यक्षांना विचारतो. समितीला नाही, तुम्हाला. माझ्या अप्पांनी विजेविना, हाताने, एकट्याने विणलेलं ते वीतभर कापड भिंतीकडे का वळवलं? कुणाच्या सांगण्यावरून? कॉम्रेड जिवंत आहे, बाई जिवंत आहेत, मी आहे. आम्ही तिघे असताना, आमच्यासमोर, त्या हॉलमधे उभे राहून उत्तर द्या. आणि येताना तो पितळी दांडा घेऊन या.